सामान

सीनेच्या काठचं एक गाव, २०२५ चा सप्टेंबर, रात्रीचे अडीच वाजून गेलेले. वर सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी, या सगळ्या धरणांचं पाणी एकदमच खाली आलं होतं आणि एरवी वर्षातले आठ महिने जिच्या पात्रात बाभळी वाढतात ती नदी गावात शिरली होती. ओसरीवर गुडघाभर पाणी, वीज गेलेली, बचाव पथकाची रबरी बोट जोत्याला लागलेली. आत खाटेवर पन्नाशीतला एक माणूस. बारा वर्षांपूर्वी विहिरीच्या कामावर यारीचा दोर तुटला, कमरेचा मणका गेला, तेव्हापासून पायांत जीव नाही. दोघांनी त्याला काखेतून आणि गुडघ्यांखालून धरून उचललं आणि बोटीत ठेवलं. बायको मागून ओरडली, "अवं, त्येंची खुर्ची घ्या की!" बोटीतून उत्तर आलं, "आदी मानसं घिऊ मावशी, सामान मागनं बघू." त्या पोराचं काही चुकलं नव्हतं. बोटीत जागा दहांची आणि पुढच्या गल्लीत अजून अठरा जण छपरांवर बसलेले. बोट वळली तेव्हा विजेरीच्या झोतात खुर्चीची मागची चाकं अर्धी पाण्याखाली दिसत होती. पूर ओसरल्यावर गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी हे सांगितलं, अगदी सहज, दुसरंच काही सांगता सांगता. तेव्हापासून तो एक शब्द काही केल्या मनातून जात नाही.

सामान.

पेटी हे सामान, धान्याची कोठी, शेगडी, टीव्ही हे सामान. पण ज्या माणसाचे पाय चालत नाहीत त्याची चाकाची खुर्ची कशात धरायची? आपण पुरातून कुणाला बाहेर काढताना त्याचे पाय ओसरीवर ठेवून ये म्हणत नाही. आणि गेली ती नुसती खुर्ची नव्हती. तिच्यावर चार इंची गादी होती. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला बूड दुखतंय हे कळत नाही, म्हणून दर वीस-तीस मिनिटांनी हातावर जोर देऊन अंग उचलायचं, आणि एरवीचा दाब गादीनं घ्यायचा, असा सगळा हिशेब असतो. खुर्चीच्या पाठीला अडकवलेल्या पिशवीत लघवीच्या नळ्या होत्या, दिवसाला चार ते सहा वेळा लागणाऱ्या. शाळेतल्या निवारा केंद्रात शहाबादी फरशी, वर एक सतरंजी, अंगावर ओले कपडे. हाडाच्या उंचवट्यावरची कातडी अशा फरशीवर काही तासांत लाल पडते, आणि बोटानं दाबल्यावरही तो लालपणा गेला नाही तर आतलं मांस दुखावलेलं असतं. पाचव्या दिवशी तो माणूस घरी गेला तेव्हा माकडहाडावर रुपयाएवढी जखम होती. अशी जखम भरायला तीन-चार महिने सहज लागतात, तेही रोज ड्रेसिंग आणि पालथं झोपणं जमलं तर. म्हणजे पुरानं त्याला पाच दिवस घराबाहेर काढलं आणि नंतर उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत खाटेला बांधलं. मृतांच्या आकड्यात तो नाही, जखमींच्याही नाही. सुखरूप बाहेर काढलेल्यांच्या आकड्यात आहे.

त्या शाळेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडे निवारा म्हणजे झेडपीची शाळा हे ठरलेलंच आहे आणि ते योग्यही आहे, गावातली तीच एक पक्की आणि उंचावरची इमारत असते. वर्गाच्या दाराशी उताराचा रॅम्पही बहुतेक ठिकाणी असतो. नियम एकास बाराचा: पायरी सहा इंच उंच असेल तर उतार सहा फूट लांब. कित्येक ठिकाणी जागा वाचवायला तो तीन फुटांत उरकलेला असतो, मग चढताना खुर्ची मागे कलंडते आणि उतरताना माणूस तोंडावर येतो. पण खरी अडचण रॅम्पच्या पुढे, संडासात. दोन पायऱ्या वर, दार दोन फुटांचं, आत उकिडवं बसायचं भांडं. साधी खुर्ची पंचवीस-सव्वीस इंच रुंद. ती दारातच अडते. अशा वेळी माणूस काय करतो? पाणी प्यायचं सोडतो. जेवण अर्धं करतो. बायका तर दोन दोन दिवस घोटभर पाण्यावर काढतात, कारण उचलून नेणारे पुरुष आणि तेही अनोळखी. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग, ताप, आणि मणक्याच्या रुग्णाला तो ताप मूत्रपिंडापर्यंत जायला वेळ लागत नाही. उपाय मात्र हजार रुपयांच्या आतला आहे. जाड प्लास्टिकची हाताची खुर्ची घ्यायची, बसायच्या जागी आठ-नऊ इंचांचं भोक पाडायचं, कापलेल्या कडेला सायकलची जुनी ट्यूब चिरून चढवायची म्हणजे मांडीला चरे पडत नाहीत, पायांना रबरी टोप्या, खाली बादली आणि चारी बाजूंनी चादरींचा आडोसा. प्रत्येक निवारा केंद्राच्या कपाटात अशा दोन खुर्च्या जूनपूर्वी ठेवता येतात. ऐन पुरात भोक पाडायला कुणाला सवड नसते.

मग यादीचा प्रश्न येतो. यादी नाही असं कुणी म्हणू नये. ग्रामपंचायतीत दिव्यांगांची यादी असते, स्वउत्पन्नातला पाच टक्के निधी खर्च करायला ती लागतेच. नाव, दिव्यांगत्वाचा प्रकार, टक्के, कार्डाचा नंबर, बँकेचं खातं. ही यादी पैसे देण्यासाठी केलेली आहे आणि त्या कामाला ती चालते. पण रात्री अडीचला बोटीत बसलेल्या पोराच्या हातात ती दिली तर त्याला काय कळणार? ऐंशी टक्के म्हणजे काय करायचं? ऐंशी टक्क्यांचा एक माणूस हातांच्या जोरावर स्वतः बोटीत सरकतो, आणि पन्नास टक्क्यांची एक मतिमंद मुलगी बोटीचा आवाज ऐकून कणगीमागे लपते आणि हाका मारल्या तरी ओ देत नाही. टक्के डॉक्टरनं शरीराचे काढलेले असतात. पुराच्या रात्री लागते ती माहिती वेगळीच.

कायद्यात हे नाही असं नाही, उलट फार स्वच्छ शब्दांत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ पासून. १९९५ च्या कायद्यातले सात प्रकार यात एकवीस झाले हे सगळ्यांना पाठ असतं, कारण दाखल्याशी त्याचा संबंध. त्याच कायद्याचं आठवं कलम मात्र क्वचित कुणी उघडतं. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं जिल्ह्यातल्या दिव्यांग व्यक्तींच्या तपशिलाची नोंद ठेवायची, आणि धोक्याची परिस्थिती आली की तिची माहिती त्यांच्यापर्यंत पोचेल अशी सोय करायची, असं ते कलम सांगतं. २०१९ मध्ये राष्ट्रीय प्राधिकरणानं याच विषयावर वेगळी मार्गदर्शक तत्त्वंही काढली. कलम आठ वाचताना मला नेहमी 'तपशील' या शब्दाशी थांबावंसं वाटतं. सगळं त्या शब्दात आहे. तपशील म्हणजे टक्के धरले तर कागद पुरा होतो आणि माणूस राहून जातो.

तर तपशील कुठला? पहिला प्रश्न: रात्री कुठं झोपता. गावात की रानातल्या वस्तीवर, खाली की माळवदावर, आणि वस्तीवर असाल तर खूण काय, कुठल्या डीपीच्या मागे, कुणाच्या विहिरीपासून किती खांब. पाण्यात बांध आणि रस्ते दिसत नाहीत, विजेचे खांब दिसतात. उचलायला किती माणसं लागतात, आणि कसं उचललेलं चालतं. सोबत काय यायलाच हवं: खुर्ची, कुबडी, कानातलं यंत्र आणि त्याचे सेल, गादी, नळ्या. रोजची गोळी कुठली आणि कितीला. फिट्सची गोळी दोन दिवस चुकली तर निवाऱ्यातच झटका येतो, आणि तेव्हा बघणारे त्याच्या तोंडात चमचा घालायला धावतात. ते कधीही करू नये. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काही मऊ द्यायचं आणि घड्याळ बघायचं, पाच मिनिटांवर गेलं तर १०८ ला फोन. बोलतात कसे, खुणांनी की लिहून, हेही हवं. जवळचा शेजारी कोण, आणि त्याच्या मागं दुसरा कोण, हेही हवं, कारण पहिला त्या रात्री रानात असतो नाहीतर शहरात लूमच्या रात्रपाळीला. हे सगळं एका पानात मावतं. दर वर्षी मृगाच्या आधी आशाताईंनी दारात बसून विचारावं, एक प्रत पोलीस पाटलाकडं आणि एक प्लास्टिकमध्ये घालून त्याच घरात दाराच्या आत. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र टाकू नये. एकटी राहणारी अंध बाई कुठल्या खोलीत झोपते हे साऱ्या गावाला सांगायची गोष्ट नाही.

आणि विचारायचं त्या माणसालाच. घरच्यांना नव्हे. घरचे म्हणतात, "आमी हाय की, उचलून निऊ." ते मनापासूनच म्हणतात. पण पाणी येतं तेव्हा थोरला पुण्याला असतो आणि घरात म्हातारी आणि सातवीतली नात.

उचलणं ही शिकायची गोष्ट आहे. आपल्याला वाटतं माया असली की जमतं. काखेत हात घालून ओढलं की खांद्याचा सांधा निखळतो, विशेषतः पक्षाघाताच्या बाजूचा. पाठीच्या आणि मानेच्या नव्या दुखापतीत माणसाला मुडपून उचललं तर उरलेली संवेदनाही जाते. किल्लारीला १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंपानंतर दगड-मातीच्या ढिगाऱ्यांखालून माणसं हातांनी ओढून काढली गेली, दुसरा इलाजच नव्हता. ढिगाऱ्याखालच्या माणसाचा मणका दुखावलेला आहे असं धरूनच त्याला सरळ ठेवून काढायचं असतं, ही गोष्ट तेव्हा गावोगाव कुणी सांगितलेली नव्हती. खुर्चीसकट उचलायचं असेल तर ब्रेक लावायचे, आणि हात घालायचा तो मूळ लोखंडी सांगाड्याला. हाताच्या आणि पायाच्या पट्ट्या निघण्यासाठीच केलेल्या असतात, त्यांना धरून उचललं की पट्टी हातात येते आणि माणूस खाली. पायऱ्या चढताना खुर्चीची पाठ जिन्याकडे, म्हणजे मागं मागं चढायचं. उतरताना माणसाचं तोंड उताराकडेच राहतं, पण खुर्ची मागे कलती धरायची.

स्ट्रेचर नसेल तेव्हा काय, याचं उत्तर सोलापुरात तरी शोधायला लांब जायला नको. प्रत्येक घरात चादर आहे. आपली जकार्डची जाड सुती चादर, साधारण पाच फूट बाय साडेसात फूट. सात-आठ फुटांचे दोन सरळ बांबू घ्यायचे. चादर जमिनीवर पसरायची, एक बांबू रुंदीच्या एक-तृतीयांशावर ठेवून चादरीची ती बाजू त्यावरून आत घ्यायची. मग त्या दुमडलेल्या भागावर, पहिल्यापासून सव्वा फुटावर दुसरा बांबू, आणि उरलेली बाजू त्यावरून उलटी आत. गाठ नाही, शिवण नाही. माणूस वर झोपला की त्याच्याच वजनानं कापड कापडावर घट्ट बसतं आणि सुटत नाही. टेरीकॉटची पातळ चादर घेतली तर ती सरकते, सुती खरबरीत वीण मात्र धरून ठेवते. विटलेली, विणीत पातळ झालेली चादर घ्यायची नाही, आणि माणूस ठेवण्याआधी जोंधळ्याचं भरलेलं पोतं ठेवून एकदा उचलून बघायचं. चौघांनी चार टोकं, उठताना एकदम, आणि मोठ्यानं आकडे मोजून. ज्याला उचलतोय त्याला आधी सांगायचं: आता उचलतोय, आता वळतोय. बाई असेल तर वरून दुसरी चादर, आणि एक तरी बाई सोबत. गावागावांत आपदा मित्रांची प्रशिक्षणं होतात, दोर आणि लाइफ जॅकेटचं छान शिकवतात. त्या तालमीत रुग्ण म्हणून बहुतेक वेळा धडधाकट पोरगं झोपवलेलं असतं, स्वतःच अंग आवळून मदत करणारं. एकदा तरी ज्याचे पाय सैल लोंबतात, ज्याला स्नायूंचे झटके येतात अशा माणसाला त्याच्या परवानगीनं त्या चादरीवर घ्यावं. मग कळतं की पाय बाहेर पडतात, म्हणून गुडघ्यांशी एक टॉवेल सैल बांधायला लागतो.

बोटीत वेगळं. बोटीत माणसाला खुर्चीवर बसवून पट्ट्यानं बांधायचं नाही, कधीच नाही. बोट कलली तर लोखंड त्याला तळाला घेऊन जाईल. माणूस तळाशी मध्यभागी, पाठीला कुणाच्या तरी गुडघ्यांचा टेकू, लाइफ जॅकेट घातलेलं. आणि खुर्ची? घडीची खुर्ची बसायच्या जागेचं कापड मधोमध वर ओढलं की मिटते, रुंदी फुटाच्या आत येते. वजन पंधरा ते वीस किलो. एका माणसाच्या पायाशी ती आडवी मावते. याला अर्धा मिनिट लागतो, फक्त तो अर्धा मिनिट आधी कुणाला तरी सुचलेला असावा लागतो. त्या एका फेरीत नाहीच जमलं तर गादी आणि नळ्यांची पिशवी तरी, ती मांडीवर मावते.

हे झालं बोट दारात आल्यावरचं. बोट येण्याआधी इशारा येतो, आणि इशारा आपल्याकडे आवाजाचाच असतो. दवंडी, मंदिरावरचा भोंगा, पोलिसांची गाडी. कर्णबधिर माणूस या सगळ्यातून शांत झोपलेला असतो. मोबाइलवर संदेश येतो हे खरं, पण 'नदीपात्रातील विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढविण्यात येत असून' हे वाक्य जन्मापासून खुणांच्या भाषेत विचार करणाऱ्या माणसाला परकं असतं. त्याची भाषा वेगळी, तिचं व्याकरण वेगळं, लिखित मराठी ही त्याला शाळेत कष्टानं आलेली दुसरी भाषा. पाणी, रात्र, उंचावर जा, एवढं सांगणारा भारतीय सांकेतिक भाषेतला वीस सेकंदांचा व्हिडिओ आधीच करून ठेवता येतो. झोपताना मोबाइल कंपनावर लावून उशीखाली घ्यायचा, आणि शेजाऱ्यानं खिडकीतून विजेरी तोंडावर मारायची. सोलापुरात तर मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच गल्लीत नांदतात. हिप्परग्याचा तलाव भरून आदिला नदीला पाणी येतं तेव्हा महापालिकेची गाडी या भाषांतून सांगत फिरली पाहिजे हे पटकन पटतं. खुणांची भाषा ही पाचवी, हे मात्र सुचवावं लागतं. अंध माणसाला आवाज ऐकू येतो, पण पाण्याखाली त्याच्या ओळखीचं सगळं पुसलेलं असतं, पायरीची धार, गटारावरची फरशी, डांबर संपून माती लागते ती जागा. काठी पाण्यात खोली सांगते, उघडं चेंबर सांगेलच असं नाही. त्याचा हात धरून ओढायचा नसतो, आपलं कोपर त्याला धरू द्यायचं आणि आपण अर्धं पाऊल पुढं चालायचं.

पूर तरी दिसतो. ऊन दिसत नाही.

एप्रिल-मेमध्ये सगळीकडे सूचना लागतात: दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका. सूचना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बाहेर हिंडणारा माणूस आहे आणि त्याच्या घराला स्लॅब आहे. सोलापूरच्या पूर्व भागात लूमच्या मागच्या खोलीत, विडी कामगारांच्या वस्त्यांत वरचा पत्रा दुपारी असा तापतो की आतल्या खाटेवर पडलेल्या माणसाला ऊन वरून लागतं. बाकीचे निंबाच्या सावलीला जाऊन बसतात, विड्यांची सुपं घेऊन. तो आतच. त्यातही ज्याचा मणका छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर तुटलाय, त्याला दुखापतीखाली घामच येत नाही किंवा अगदी नावाला येतो. अंगाचा मोठा भाग थंड व्हायचं विसरलेला असतो. त्याला ताप चढतो तो बाहेरच्या उष्म्यानं, आणि घरचे तापाची गोळी देतात, जिचा इथं काही उपयोग नाही. मानसिक आजाराच्या कित्येक गोळ्या घाम कमी करतात आणि तहान लागल्याचं भानही. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं औषध वाढून विषासारखं होतं: हात थरथरतात, बोलणं अडखळतं, उलट्या. घरच्यांना वाटतं आजार उलटला. गोळी मनानं बंद करायची नाही, पण मार्चमध्येच डॉक्टरांना विचारून ठेवायचं. ज्याचा पाय कापलाय त्याच्या अंगाची घाम येणारी कातडीच कमी, आणि उरलेल्या खुंटावर प्लास्टिकचा सॉकेट. त्यात घाम साचतो, कातडी भिजून सोलते, मग पंधरा दिवस पाय चढवता येत नाही. दुपारी तासभर पाय काढून ठेवणं आणि सुती मोजा बदलणं एवढ्यानं हे टळतं, पण लूमवर उभं राहून काम करणाऱ्याला तो तास कोण देणार?

घाम न येणाऱ्या अंगाला घाम बाहेरून द्यायचा. फवाऱ्याची बाटली, कपड्यांना इस्त्री करताना वापरतात ती, साध्या पाण्यानं भरायची आणि मान, छाती, हात, मांड्या यांवर दर दहा-पंधरा मिनिटांनी फवारा, वर पंखा. नुसता पंखा लावून उपयोग नाही. खोलीतली हवा अंगापेक्षा तापलेली असेल तर कोरडा पंखा भट्टीची झळ मारल्यासारखी अंगावर मारतो. बर्फ थेट ठेवायचा नाही, संवेदना नसलेली कातडी बर्फानं भाजते आणि त्या माणसाला ते कळत नाही. पत्र्याला वरून पांढरा रंग द्यायचा. चुना स्लॅबवर चालतो, पत्र्यावर तो पापुद्रे होऊन उडतो. आणि खाट पत्र्याच्या मध्याखालून काढून खोलीतल्या सगळ्यात जाड भिंतीशी न्यायची. हे वाचताना किरकोळ वाटेल. पण या सगळ्याला आधी पाणी हवं, आणि सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येण्यात वर्षं गेली. ज्याला वाकता येत नाही त्याला साडेतीन फुटी बॅरलच्या तळातलं पाणी दिसतं आणि घेता येत नाही. बॅरलला तळाशी तोटी बसवली की तांब्याभर पाण्यासाठी सुनेची वाट बघावी लागत नाही. टँकर आल्याचा हॉर्न बहिऱ्या बाईला ऐकू येत नाही, रांगेत तिची घागर शेवटी लागते, आणि शेवटी लागली की कधी भरते, कधी नाही.

दुपारी वीज गेली की आणखी एक घर धोक्यात येतं. फुप्फुसाच्या आजारातला माणूस, घरात पाच लिटरचं ऑक्सिजन यंत्र. ते तीनशे ते साडेतीनशे वॉट खातं. घरातला इन्व्हर्टर बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-तासांचा: गुणाकार केला तर अठराशे वॉट-तास, कागदावर पाच तास. प्रत्यक्षात बॅटरी पूर्ण रिकामी करता येत नाही, इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातो, बॅटरी तीन वर्षं जुनी असते. तीन तास मिळाले तर नशीब. म्हणून यंत्र असलेल्या घरात भरलेला सिलिंडर हवाच. दीड हजार लिटरचा, मिनिटाला दोन लिटरनं, साधारण बारा तास जातो. आणि किल्ली सिलिंडरच्याच गळ्यात दोरीनं बांधलेली हवी, नाहीतर अंधारात ती सापडत नाही.

हवामानासाठी आपण ज्या चांगल्या गोष्टी करतो त्यांतही हाच माणूस सुटतो. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या नळ्या बंद झाल्या, ठीकच झालं. पण ज्याला मेंदूचा पक्षाघात आहे, ज्याला ग्लास तोंडाला लावता येत नाही, त्याची कागदी नळी अर्ध्या चहात लगदा होते, स्टीलची नळी झटक्यात दाताखाली आली तर दात तुटतो. धुता येणारी सिलिकॉनची नळी चालते, ती आपल्याकडच्या मेडिकलमध्ये मागितली तर सहसा मिळत नाही. विजेच्या बस घ्याव्यात, पण दाराशी पायऱ्याच असतील तर धूर न सोडणारी बसही त्याला थांब्यावरच सोडून जाते. आवाज न करणारी गाडी अंध माणसाला दिसत नव्हतीच, आता ऐकूही येत नाही. बैठकीत ही माणसं असती तर हे पहिल्याच दिवशी बोललं गेलं असतं. बैठक पहिल्या मजल्यावर असते.

सीनाकाठचा तो माणूस घरी परतला तेव्हा खुर्ची ओसरीच्या खांबाला अडकलेली सापडली. वाहून गेली नव्हती. गादीचा स्पंज चिखल पिऊन फुगला होता, तो टाकून द्यायचा असतो, कितीही धुतला तरी आतून कुजतो आणि जखमेला लागतो. चार दिवसांनी पंचनामा झाला. घराची भिंत, धान्य, भांडी, जनावरं. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या मदतनिकषांत कपड्यांना अडीच हजार होते, भांड्यांना अडीच हजार. आपत्तीत माणूस साठ टक्क्यांहून जास्त दिव्यांग झाला तर अडीच लाख. आधीच दिव्यांग असलेल्याची खुर्ची गेली तर ती कुठं लिहायची, असा रकाना त्यांत नव्हता. बायकोनं विचारलं. लिहिणारा मुलगा भला होता, थोडा वेळ कागदाकडे बघत राहिला, मग घरगुती सामानाच्या ओळीत शेवटी त्यानं 'चाकाची खुर्ची १' असं लिहिलं. नवीन मिळवावी तर साहाय्यक साधनांच्या केंद्राच्या योजनेत एकदा मिळालेलं साधन त्याच कारणासाठी तीन वर्षं पुन्हा मिळत नाही, बारा वर्षांखालच्या मुलांना तेवढी ही मुदत एक वर्षाची. ही खुर्ची दोन वर्षांपूर्वीच्या शिबिरातली.

मग ती टमटमवर टाकून तालुक्याच्या सायकलवाल्याकडं नेली. त्यानं पुढची दोन्ही छोटी चाकं काट्यासकट काढली, आतली बेअरिंगं रॉकेलच्या वाटीत टाकली. वाटीच्या तळाशी सीनेचा बारीक काळा गाळ बसला. फडक्यानं पुसून, बोटावर चढवून त्यानं एक बेअरिंग कानाशी नेऊन फिरवलं. करकर आली. पुन्हा वाटीत. मागच्या चाकाचे आरे गंजले होते, ते तारेच्या ब्रशनं घासले, ब्रेकची दांडी तेल सोडून मोकळी केली. ग्रीस भरायची घाई करायची नसते, आत वाळूचा एक कण राहिला तरी ग्रीस त्याला धरून ठेवतं आणि महिन्याभरात बेअरिंग खाऊन टाकतं. दुपारी फोन आला, खाटेवर पालथं झोपलेल्या माणसाचा. "चाक फिरायलंय का?"

"फिरतंय आबा, पन अजून वाळू बोलायली आत. उद्या परत धुतो."